चावी तुमच्याकडे, पण मालकी कोणाच्या नावावर?



एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या धंद्याची रेट लिस्ट, ग्राहकांची यादी, स्टॉक शीट, कॅटलॉगचे फोटो हे सगळं आता बहुतेकांचं गूगल ड्राइव्हवर असतं. ते कोणाच्या नावावर आहे?

"माझ्याच की! मी रोज उघडतो ना."

रोज उघडता येतं म्हणजे तुमच्याकडे चावी आहे. मालकी आहे की नाही, हे वेगळं तपासावं लागतं. व्हिडिओमध्ये आपण शेअर बटण कसं वापरायचं ते पाहिलं. मालकीचा भाग मोठा होता, म्हणून तो इथे सविस्तर लिहितोय. वाचताना लॅपटॉप उघडा ठेवा, कारण मध्येमध्ये तुम्हाला तपासायला सांगणार आहे.

एकच बिल्डिंग, लाखो बिऱ्हाडं

गूगल ड्राइव्ह, फेसबुक बिझनेस, ऑनलाइन बिलिंगची सॉफ्टवेअरं ही सगळी 'मल्टी-टेनंट' असतात. टेनंट म्हणजे भाडेकरू. सॉफ्टवेअर एकच, सर्व्हरही सगळ्यांसाठी तेच, आणि त्यात लाखो बिऱ्हाडं राहतात. तुमचं खातं हे एक बिऱ्हाड. शेजारच्या बिऱ्हाडातलं तुम्हाला दिसू नये याची भिंत कंपनी बांधते. ती काळजी तुमची नाही.

तुमची काळजी वेगळी आहे. तुमच्या घरातली वस्तू नक्की तुमच्याच घरात आहे ना, आणि तिच्या चाव्या किती जणांकडे आहेत?

गंमत अशी की आपल्या दुकानातल्या चौघांनी चार वेगवेगळे जीमेल वापरले, तर आपल्याला वाटतं की आपण एकाच ऑफिसात काम करतोय. सॉफ्टवेअरच्या हिशोबाने मात्र ती चार वेगळी बिऱ्हाडं असतात. आणि इथे नियम सरळ आहे: वस्तू ज्या घरात तयार झाली, त्या घराची झाली. आजच्या लेखातली ही एक ओळ लक्षात ठेवली तरी पुरे. बाकी सगळं तिच्यातूनच निघतं.

आपल्याकडच्या सोसायट्यांचं उदाहरण घ्या. लोक वीस-वीस वर्षं फ्लॅटमध्ये राहतात, मेंटेनन्स भरतात, गणपती बसवतात. पुनर्विकासाची वेळ आली की कळतं, जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे, कन्व्हेयन्स झालेलंच नाही. १९६३ च्या मोफा कायद्यात कन्व्हेयन्स करून देणं बिल्डरवर बंधनकारक होतं. तरी इतकी प्रकरणं रखडली की २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची, सोय करावी लागली. प्रत्येक वेळी बिल्डर लबाडच होता असं नाही. कित्येकदा कागद करायचा राहून गेला आणि ताबा आहे म्हणून कोणी विचारलंच नाही. डिजिटल मालमत्तेतही नेमकं हेच होतं. फरक एवढाच की इथे डीम्ड कन्व्हेयन्ससारखा दरवाजा सहसा नसतो.

ड्राइव्हमधला सगळ्यात मोठा गैरसमज

"फोल्डर माझं आहे, म्हणजे आतल्या फाइल्सही माझ्या."

नाही. 'माय ड्राइव्ह'मध्ये तुम्ही फोल्डर केलं आणि स्टाफला एडिटर म्हणून शेअर केलं. स्टाफने त्यात नवीन शीट बनवली. फोल्डरचे मालक तुम्ही, शीटचा मालक तो. त्याने अपलोड केलेल्या फाइलने जागाही त्याच्याच खात्यातली भरते, त्याच्या फुकट १५ जीबीमधली. तुमच्या फोल्डरमध्ये ती फक्त 'ठेवलेली' असते. शेजाऱ्याने त्याची शिडी तुमच्या अंगणात ठेवावी, तशी.

आता हा प्रसंग घ्या. फराळ आणि मसाल्यांचा घरगुती व्यवसाय आहे. ऑर्डर बघणारी मुलगी हुशार आहे. तिने स्वतःच्या जीमेलवरून ऑर्डर शीट बनवली, त्यात तीन वर्षांचे ग्राहक, त्यांचे पत्ते, कोणाला कमी तिखट चकली लागते इथपर्यंत सगळं. ताईंना एडिट अ‍ॅक्सेस होता, काम छान चाललं होतं. मग तिचं लग्न ठरलं, ती दुसऱ्या शहरात गेली. भांडण नाही, काही नाही. नवीन फोन घेतला, जीमेलची जागा भरल्याचा मेसेज येत होता, म्हणून तिने जुन्या फाइल्स डिलीट केल्या. मालकाने डिलीट केलेली फाइल ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते, मग कायमची जाते. आणि मालकाकडून गेली की सगळ्यांकडून जाते. दिवाळीच्या तोंडावर ताई शीट उघडायला गेल्या, तर शीट नाही.

इथे चोरी कोणी केली नाही, हॅकिंग झालं नाही. तिने स्वतःच्या घरातली अडगळ काढली, एवढंच.

आणखी एक धोका आहे. वैयक्तिक गूगल खातं सलग २ वर्षं वापरलं नाही, तर ते त्यातल्या डेटासकट काढून टाकायचं गूगलचं धोरण आहे आणि डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. म्हणजे सोडून गेलेल्या माणसाने काहीच केलं नाही, नुसतं ते जीमेल वापरणं बंद केलं, तरी तुमची फाइल जाऊ शकते.

आत्ताच तपासा

ड्राइव्ह कॉम्प्युटरवर उघडा. सर्च बॉक्सच्या उजवीकडे फिल्टरची खूण आहे, तिथे 'ओनर' मध्ये 'नॉट ओन्ड बाय मी' निवडा. जी यादी येईल ती दुसऱ्यांच्या घरात असलेल्या वस्तूंची आहे. त्यातल्या कोणत्या फाइल्सशिवाय तुमचं दुकान एक दिवस बंद पडेल, तेवढ्या वेगळ्या लिहून काढा. पन्नास फाइल्सची यादी आली तरी घाबरू नका. खऱ्या महत्त्वाच्या सहसा पाच-सातच असतात.

आता त्या नावावर करून घ्यायच्या. मालकाने फाइल उघडून शेअरमध्ये जायचं, तुमच्या नावापुढच्या यादीतून 'ट्रान्सफर ओनरशिप' निवडायचं. तुम्हाला ईमेल येईल, त्यात तुम्ही 'स्वीकार' केल्यावरच मालकी बदलते. तोवर मालक जुनाच असतो. पुष्कळांचं इथेच अडतं, ईमेल आलेला असतो आणि कोणी उघडलेला नसतो.

दोन गोष्टी इथे पक्क्या लक्षात ठेवा.

एक, फोल्डरची मालकी दिली म्हणजे आतल्या फाइल्सची दिली असं होत नाही. फाइल्सची वेगळी द्यावी लागते.

दोन, साध्या जीमेलवरून कंपनीच्या वर्कस्पेस खात्याकडे अशी मालकी देता येत नाही. दोन कंपन्यांच्या खात्यांमध्येही नाही. अशा वेळी 'मेक अ कॉपी' करायची. कॉपीचे मालक तुम्ही. पण कॉपीची लिंक नवीन असते आणि आधी कोणी कधी काय बदललं हा इतिहास कॉपीसोबत येत नाही. म्हणून कॉपी केल्याच्या दिवशीच सगळ्यांना नवी लिंक द्या आणि जुन्या शीटच्या पहिल्या ओळीत लाल रंगात 'ही शीट बंद' असं लिहा. नाहीतर निम्मा स्टाफ जुन्या शीटमध्ये ऑर्डर भरत बसेल.

फुकटच्या खात्यावर धंदा चालत असेल तर

सुरुवातीला सगळ्यांचं असंच असतं, त्यात कमीपणा काही नाही. फक्त शिस्त हवी.

धंद्याच्या नावाने एक जीमेल काढा. त्याचा रिकव्हरी मोबाइल आणि रिकव्हरी ईमेल मालकाचा ठेवा. अकाउंट बघणाऱ्याचा नाही, कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणाऱ्या पोराचा तर मुळीच नाही. महत्त्वाची प्रत्येक फाइल या खात्यातूनच जन्माला घाला. दर महिन्याची नवीन ऑर्डर शीट हवी असेल, तर बारा महिन्यांच्या बारा शीट्स एकदाच या खात्यातून बनवून ठेवा आणि स्टाफला एडिट करायला द्या. त्यांना बनवायला लावू नका.

आणि या जीमेलचा पासवर्ड चौघांत वाटू नका. "आमच्याकडे सगळ्यांना पासवर्ड माहीत आहे" हे अनेक जण कौतुकाने सांगतात. पासवर्ड वाटला की सगळेच मालक होतात. मग कोणी काय केलं हे कळत नाही, आणि एक माणूस सोडून गेला की सगळ्यांसाठी पासवर्ड बदलावा लागतो. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या खात्यावर प्रवेश द्या. काढायचा झाला तर एकाचाच काढता येतो.

स्टाफ पाच-सहाच्या पुढे गेला की

मग वर्कस्पेससारख्या पैसे भरून घ्यायच्या सेवेचा विचार करा. त्यात प्रत्येकाचं खातं तुमच्या कंपनीच्या बिऱ्हाडात तयार होतं. त्यात 'शेअर्ड ड्राइव्ह' नावाची सोय असते. प्लॅन घेताना ती त्यात आहे का, हे विचारून घ्या. तिथे ठेवलेली फाइल कोणा एका व्यक्तीची नसते, ती संस्थेची असते. माणूस गेला तरी फाइल जागेवर राहते. सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्स झाल्यासारखं.

शेअर्ड ड्राइव्हमध्ये पाच पायऱ्या आहेत. व्ह्यूअर फक्त बघतो. कमेंटर बघून शेरा लिहितो. कॉन्ट्रिब्यूटर फाइल टाकू शकतो आणि बदलू शकतो, पण काढून टाकू शकत नाही. कंटेंट मॅनेजर फाइल्स हलवतो आणि ट्रॅशमध्येही टाकतो. मॅनेजरकडे माणसं घेण्या-काढण्यासकट सगळं असतं.

माझा सल्ला: रोज काम करणाऱ्या बहुतेकांना कॉन्ट्रिब्यूटर ठेवा. कंटेंट मॅनेजर एखाद-दुसरा. मॅनेजर दोघेच, तुम्ही आणि तुमच्या विश्वासातला आणखी एक. दोन का? कारण एकच मालक आजारी पडला, त्याचा फोन हरवला, तर धंदा थांबतो. वर्कस्पेसच्या 'सुपर अ‍ॅडमिन'लाही हाच नियम: एक कमी पडतो, तीन जास्त होतात.

एजन्सीच्या घरात तुमचं दुकान

आता सगळ्यात महागडा विषय. स्टाफची फाइल गेली तर पुन्हा बनवता येते. पण सात वर्षांत जमलेले गूगल मॅपवरचे रिव्ह्यू? फेसबुक पेजचे फॉलोअर? हे पुन्हा बनवता येत नाहीत. आणि नेमकं हेच आपण सर्रास दुसऱ्याच्या घरात ठेवतो. "त्या मुलाने करून दिलं सगळं" असं म्हणतो आणि विसरून जातो.

*गूगल बिझनेस प्रोफाइल.* इथे प्रायमरी ओनर, ओनर आणि मॅनेजर अशा भूमिका आहेत. प्रायमरी ओनर एकच असतो आणि तो तुम्हीच असला पाहिजे. एजन्सीला मॅनेजर करा. फोटो टाकणं, रिव्ह्यूला उत्तर देणं हे सगळं मॅनेजरला जमतं. माणसं घेणं-काढणं त्याला जमत नाही, आणि तेच आपल्याला हवंय. आज एजन्सी प्रायमरी ओनर असेल तर आधी तुम्हाला ओनर करायला सांगा. नवीन ओनरला पहिले ७ दिवस थांबावं लागतं, तोवर प्रायमरी ओनरशिप त्याच्याकडे देता येत नाही. म्हणून हे काम सीझनच्या आठवड्यात काढू नका, आत्ता करा.

*फेसबुक पेज.* मेटाच्या व्यवस्थेत 'बिझनेस पोर्टफोलिओ' असतो. तुमच्या धंद्याचं बिऱ्हाड म्हणजे तो. एक पेज एका वेळी एकाच पोर्टफोलिओच्या मालकीचं असतं. एजन्सीने पेज तिच्या पोर्टफोलिओत घेतलं असेल, तर तुम्ही त्यावर रोज पोस्ट टाकत असाल तरी घर तिचं. योग्य रचना अशी: पोर्टफोलिओ तुमचा, पेज त्यात, आणि एजन्सीला 'पार्टनर' म्हणून प्रवेश. काम संपलं की पार्टनर काढायचा, पेज तिथेच राहतं. एका घरातली वस्तू दुसऱ्या घराला वापरायला द्यायची खरी पद्धत हीच आहे.

*यूट्यूब चॅनेल.* पासवर्ड देऊ नका. चॅनेलच्या सेटिंगमध्ये 'परमिशन्स' आहे. एडिटिंग करणाऱ्याला तिथून 'एडिटर' करा.

*डोमेन.* वेबसाइट बनवणाऱ्याने डोमेन त्याच्याच खात्यातून घेतलं असेल, तर नूतनीकरणाचा ईमेलही त्यालाच जातो. तो विसरला की तुमची वेबसाइट आणि कंपनीचे ईमेल दोन्ही बंद. त्याला दोन प्रश्न विचारा: डोमेनचा नोंदणीकृत मालक म्हणून कोणाचं नाव आहे? आणि ज्या खात्यात डोमेन आहे ते कोणाच्या ईमेलवर आहे? दोन्हींचं उत्तर तुमचं नाव यायला हवं.

*व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस.* इथे सगळी मालकी नंबरची, आणि नंबर सिमचा. ग्राहकांना दिलेला नंबर स्टाफच्या सिमवर असेल तर ग्राहकही त्याच्याच सिमवर आहेत. सिम धंद्याच्या किंवा मालकाच्या नावाने घ्या. स्टाफला 'लिंक्ड डिव्हाइस'वरून काम करू द्या आणि ती यादी महिन्यातून एकदा बघा.

*जीएसटी पोर्टल.* नोंदणी करताना सल्लागाराने स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकलेला असणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की खुद्द जीएसटी यंत्रणेला त्यावर सूचना काढावी लागली. सल्लागाराने रिटर्न भरावं, अवश्य भरावं. पण ओटीपी तुमच्या फोनवर यायला हवा. येत नसेल तर या आठवड्यात बदलून घ्या.

माणूस सोडून जातो त्या दिवशी

क्रम महत्त्वाचा आहे. घाईघाईत पहिलंच बटण 'डिलीट'चं दाबू नका.

१. वर्कस्पेस असेल तर आधी त्याचं खातं निलंबित करा. म्हणजे प्रवेश थांबतो, पण डेटा तसाच राहतो.

२. त्याच्या 'माय ड्राइव्ह'मधल्या फाइल्स दुसऱ्या खात्याच्या नावावर करा.

३. सगळं आलं याची खात्री झाल्यावरच खातं डिलीट करा. चुकून आधी डिलीट झालं, तर परत आणायला २० दिवस असतात. त्यानंतर नाही.

४. साधं जीमेल असेल तर तो ऑफिसात बसलेला असतानाच मालकी ट्रान्सफर करून घ्या. शेवटचा पगार आणि चहाच्या मधल्या वेळात. नंतर फोनवरून हे काम होत नाही.

५. 'एनीवन विथ द लिंक' असं उघडं ठेवलेलं काय काय आहे ते बघा. माणसाचा प्रवेश काढला तरी लिंक त्याच्याकडे असतेच, आणि उघड्या लिंकला नाव-गाव लागत नाही.

हे फक्त सोयीसाठी नाही. ग्राहकांची नावं, नंबर, पत्ते हा त्यांचा वैयक्तिक डेटा आहे, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तो सांभाळायची जबाबदारी धंद्यावर टाकतो. "आमच्या जुन्या मुलाकडे होती ती शीट" हे उत्तर तिथे चालणार नाही.

पण बोलायचं कसं?

मला माहितीये, खरी अडचण बटणांची नाही. दहा वर्षं सोबत असलेल्या माणसाला "फाइल माझ्या नावावर कर" म्हणायचं कसं? मेव्हण्याने पेज बनवून दिलंय, त्याला राग आला तर?

तर एकट्याला बोलावून सांगू नका. सगळ्यांना एकत्र बसवा आणि सगळ्यांना एकच नियम सांगा. असं काहीतरी म्हणा: "आजपासून धंद्याच्या सगळ्या फाइल्स धंद्याच्या खात्यात राहणार. माझ्याही. उद्या मला काही झालं, तरी तुमचं काम अडू नये म्हणून." स्वतःच्या जीमेलवरची एक फाइल तिथल्या तिथे सगळ्यांसमोर ट्रान्सफर करून दाखवा. मालकाने आधी केलं की बाकीच्यांना तो अविश्वास वाटत नाही. आणि खरंच तो अविश्वास नाहीच. वर सांगितलेल्या ताईंच्या गोष्टीत त्या मुलीचा काहीच दोष नव्हता. नियम असता तर तिच्याही माथी काही आलं नसतं.

एजन्सीबरोबर मात्र तोंडी नको. वर्क ऑर्डरमध्ये एक वाक्य घाला: "पेज, प्रोफाइल, डोमेन, जाहिरात खातं आणि मूळ डिझाइन फाइल्स यांची मालकी ग्राहकाच्या खात्यातच राहील; एजन्सीला कामापुरता प्रवेश दिला जाईल आणि काम संपल्यावर तो काढला जाईल." चांगली एजन्सी या वाक्याला हरकत घेत नाही. जी घेते, तिच्याबद्दल तुम्हाला कामाआधीच कळलं, हा फायदाच.

या आठवड्याचं होमवर्क

एक साधी वही घ्या किंवा शीट बनवा. अर्थात धंद्याच्या खात्यातून! सहा रकाने आखा: वस्तू, मालक खातं कोणतं, रिकव्हरी मोबाइल कोणाचा, प्रवेश कोणाकोणाला, कशासाठी, कधीपर्यंत.

पहिल्या दिवशी फक्त दहा ओळी भरा: ऑर्डर शीट, रेट लिस्ट, ग्राहक यादी, कॅटलॉग फोटो, बिझनेस प्रोफाइल, फेसबुक पेज, डोमेन, व्हॉट्सअ‍ॅप नंबर, जीएसटी लॉगिन, बिलिंग सॉफ्टवेअर. 'मालक खातं' या रकान्यात जिथे दुसऱ्याचं नाव आलं तिथे लाल खूण करा. रोज एक लाल खूण सोडवली तरी पंधरवड्यात काम संपतं.

नंतर दर तीन महिन्यांनी ही वही उघडा आणि 'कशासाठी' हा रकाना पुन्हा वाचा. कारण संपलं असेल तर प्रवेशही संपवा. लक्ष्मीपूजनाला आपण हिशोबाची वही पूजेला मांडतो, यंदा तिच्याशेजारी हीही ठेवा. धंद्याची लक्ष्मी आता थोडी त्या ड्राइव्हमध्येही राहते.

आणि हो, लेख वाचून झाला की पहिलं काम 'नॉट ओन्ड बाय मी' चा फिल्टर लावायचं. किती फाइल्स निघाल्या ते मोजा. आकडा बघून पुढचं काय करायचं ते तुम्हालाच कळेल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, आणि तो स्वतःच्या नावावर ठेवा!